ब्रिव्हिओ गेले म्हणून सुझुकी संपली नाही

मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेतल्या सुझुकीच्या संघाचा विषय निघाला की एक कहाणी हमखास पुढे येते. ती इतकी फिरली आहे की नवे चाहते तिला इतिहासच समजतात. २०२० मध्ये स्वार जोआन मीरने सुझुकीला वीस वर्षांनी जगज्जेतेपद मिळवून दिलं. त्याला दोन महिने होत नाहीत तोच, ७ जानेवारी २०२१ ला, टीम मॅनेजर दाविदे ब्रिव्हिओ संघ सोडत असल्याचं जाहीर झालं आणि ते फॉर्म्युला वनमध्ये आल्पीनकडे गेले. कहाणी सांगणारे पुढे जोडतात ते असं: सुझुकी गाशा गुंडाळणार हे ब्रिव्हिओंना आधीच ठाऊक होतं. त्यांच्यामागे मीर घसरला, संघ पोरका झाला, आणि शेवटी कंपनीने २०२२ अखेर स्पर्धाच सोडली.

घटना घडल्या, त्यात वाद नाही. पण एकीमुळे दुसरी घडली, हे तारखा आणि आकडे समोर ठेवले की टिकत नाही. हे खोडून काढावंसं वाटतं त्याला कारण आहे. या कहाणीत सगळा दोष निघून गेलेल्या एका माणसावर आणि मागे राहिलेल्या मेकॅनिक-इंजिनिअरांवर येतो. निर्णय ज्यांनी घेतला ते संचालक मात्र नामानिराळे राहतात.

आधी "त्यांना ठाऊक होतं" हा भाग. ब्रिव्हिओ गेल्यानंतर, २०२१ मध्येच, सुझुकीने मोटोजीपी भरवणाऱ्या डोर्ना कंपनीशी २०२२ ते २०२६ असा पाच वर्षांचा नवा करार केला. ज्या कंपनीने जानेवारीत निघायचं ठरवलं आहे ती त्यानंतर पाच वर्षांसाठी स्वतःला बांधून घेत नाही. २०२२ च्या हंगामाच्या तोंडावर संघाने लिव्हिओ सुप्पो यांना मॅनेजर म्हणून आणलं. सुप्पो कोणी नवखे नव्हेत. २००७ मध्ये केसी स्टोनरने डुकाटीला जगज्जेतेपद जिंकून दिलं तेव्हा त्या संघाची सूत्रं त्यांच्याकडे होती, पुढे होंडात त्यांनी अनेक वर्षं काढली. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या ठिकाणच्या संघांच्या वर्तुळात, इतके कान असलेल्या माणसालाही सुगावा लागला नाही. मीर आणि संघाचा दुसरा स्वार आलेक्स रिन्स यांच्याशी २०२३ च्या करारांची बोलणी चालू होती. स्पेनमधल्या हेरेसच्या शर्यतीनंतर सोमवारी, २ मे २०२२ ला, चाचणीच्या दिवशी संघाला निर्णय कळला. सोळा महिने आधी ब्रिव्हिओंना तो कळला होता, असं म्हणायला पुरावा काय? कुणीच दिलेला नाही.

ते का गेले, याचं साधं उत्तर समोरच आहे. २०१३ पासून त्यांनी हा संघ शून्यातून उभा केला. २०१५ मध्ये सुझुकी परतली, २०१६ मध्ये सिल्व्हरस्टोनला माव्हेरिक विन्यालेसने पहिला विजय मिळवला, २०२० मध्ये जगज्जेतेपद आलं. व्हॅलेंतिनो रॉसीला होंडातून यामाहात आणण्यातही याच माणसाचा मोठा वाटा होता. दुचाकीच्या जगात त्यांना जे साधायचं होतं ते साधून झालं होतं आणि चारचाकीतलं सर्वांत मोठं दार उघडलं होतं. प्रकल्पप्रमुख शिनिची साहारा यांनी तेव्हाच्या निवेदनात आपल्याला बसलेला धक्का लपवला नाही. पण एखाद्याच्या जाण्याने धक्का बसणं आणि त्यात कट असणं, यांत फार अंतर आहे.

आता मीरची घसरण. हा मुद्दा सगळ्यांत जास्त पटतो आणि सगळ्यांत कमी तपासला जातो. २०२० मध्ये १४ शर्यतींत मीरचे १७१ गुण होते, म्हणजे शर्यतीमागे सव्वाबारा. २०२१ मध्ये १८ शर्यतींत २०८, म्हणजे शर्यतीमागे साधारण साडेअकरा. एवढाच फरक. तो पहिल्यावरून तिसऱ्यावर गेला, कारण बाकीचे पुढे सरकले. फाबिओ क्वार्तारारोने त्या वर्षी २७८ गुण केले, शर्यतीमागे पंधराच्या वर. २०२० हे वर्षच निराळं होतं. आधीच्या वर्षीचा जगज्जेता मार्क मार्केझ १९ जुलैला हेरेसमध्ये हात मोडून बाहेर गेला, नऊ वेगवेगळ्या स्वारांनी शर्यती जिंकल्या, आणि त्या गोंधळात सातत्य असलेला स्वार वर आला. मीरने त्या हंगामात फक्त एक शर्यत जिंकली होती. पोल पोझिशन, म्हणजे शर्यत सुरू होतानाची पहिली जागा, तर त्याला ब्रिव्हिओ असतानाही कधी मिळाली नव्हती. पात्रता फेरीतला हा कच्चेपणा २०२१ मध्ये जास्त महागात पडला, कारण पुढचे स्वार आता पळून जाऊ लागले होते.

ते का पळून जाऊ लागले, हे बघायला गाडीच्या मागच्या चाकाकडे यावं लागतं. डुकाटीने अशी यंत्रणा आणली होती की वळणातून बाहेर पडताना स्वार एक कळ दाबतो आणि हायड्रॉलिकच्या जोरावर गाडीची मागची बाजू खाली बसते. गुरुत्वमध्य खाली गेला की पुढचं चाक उचलायला बघत नाही, त्यामुळे ताकद कापावी लागत नाही, थ्रॉटल लवकर आणि जास्त उघडता येतो. पुढच्या वळणाला ब्रेक लावला की गाडी पुन्हा मूळ उंचीवर येते. प्रत्येक वळणाला अगदी थोडासा फायदा, पण एका फेरीत अशी वळणं कितीतरी असतात. २०२१ च्या मध्यापर्यंत ही यंत्रणा बाकीच्या कारखान्यांनी आणली होती, सुझुकीकडे नव्हती. तिचं इनलाइन फोर (एका रांगेत चार सिलिंडर असलेलं) इंजिन वळणात गोड चालायचं, पण बाहेर पडल्यावर सरळ रस्त्यावर गाडी मागे पडायची. कोविडमुळे इंजिनाचा विकास गोठवलेला होता, म्हणून तिथूनही काही मिळणार नव्हतं. सुझुकीच्या गाडीला ही यंत्रणा मिळाली ती ऑगस्टमध्ये, स्टिरियाच्या शर्यतीला. नऊ शर्यती तोवर होऊन गेल्या होत्या. त्याच आठवड्यात मीर दुसरा आला.

ही यंत्रणा सुझुकीच्या मुख्यालयातले, जपानमधल्या हामामात्सुतले इंजिनिअर बनवतात. टीम मॅनेजर स्वारांचे करार बघतो, माणसं जोडून ठेवतो, प्रायोजक, प्रवास, डोर्नाशी बोलणी हे सगळं बघतो. गाडीच्या तांत्रिक बाजूला साहारा आणि केन कावाउची होते आणि ते दोघेही कुठे गेले नव्हते. ब्रिव्हिओ असते तर त्यांनी कारखान्याच्या मागे लागून ती यंत्रणा थोडी आधी मिळवली असती, असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करेन. तसा त्यांचा स्वभाव आणि वजन होतं.

"संघ पोरका झाला" यातही तथ्याचा अंश आहे आणि तो झाकायचं कारण नाही. ब्रिव्हिओंच्या जागी २०२१ मध्ये कुणालाच आणलं नाही. त्यांचं काम साहारांच्या नेतृत्वाखाली आतल्याच माणसांत वाटून दिलं. ही चूक होती. मॅनेजरची उणीव भासते हे मीरने स्वतः बोलून दाखवलं होतं. रिन्सचा हंगाम तर हातातून गेलाच. पोर्तिमाओ, हेरेस, ल माँ, मुजेल्लो अशा लागोपाठ चार शर्यतींत तो पडला. त्यानंतर बार्सिलोनाला सायकल चालवताना फोनकडे बघताना पडून हात मोडला. वर्षाअखेर तो ९९ गुणांवर होता. शांत डोक्याचा वडीलधारा माणूस गॅरेजमध्ये असता तर त्यातल्या एखाद-दोन पडझडी टळल्या असत्या का? कदाचित.

पण ती उणीव भरून निघाली होती, आणि कहाणीतून नेमकं हेच गाळलं जातं. २०२२ ची गाडी सरळ रस्त्यावरही वेगवान होती. अर्जेंटिनात रिन्स तिसरा, ऑस्टिनला दुसरा. २४ एप्रिलला पोर्तिमाओत तो तेविसाव्या जागेवरून निघाला आणि चौथा आला. त्या संध्याकाळी अजिंक्यपदाच्या तक्त्यात क्वार्तारारो आणि रिन्स दोघेही ६९ गुणांवर, संयुक्तपणे अव्वल होते. त्यानंतर आठ दिवसांत संघाला सांगण्यात आलं की वर्षाअखेर सगळं बंद. म्हणजे मोडक्या संघाला कंपनीने कंटाळून टाळं लावलं नाही. अव्वल स्थानाच्या शर्यतीत असलेला संघ तिने बंद केला. पडझड झाली ती नंतर. पुढे ल माँ आणि मुजेल्लोला एकाही सुझुकीने शर्यत पूर्ण केली नाही.

मग कंपनी का गेली? तिने स्वतः सांगितलं आहे. १२ मे २०२२ च्या निवेदनात आर्थिक परिस्थिती आणि वाहन उद्योगातले मोठे बदल ही कारणं दिली, पैसा आणि माणसं नव्या तंत्रज्ञानाकडे वळवायची आहेत असं म्हटलं. सुझुकी मुख्यतः मोटारींची कंपनी आहे. त्याच्या दोनच महिने आधी, मार्च २०२२ मध्ये, तिने गुजरातमध्ये इलेक्ट्रिक गाड्या आणि बॅटऱ्यांसाठी सुमारे १५,००० कोटी येन गुंतवायचं जाहीर केलं होतं. हे कारण पटो न पटो, तिथे टीम मॅनेजरचा संबंध येत नाही.

त्याहून पक्का पुरावा १३ जुलैचा. त्या दिवशी डोर्नाशी तडजोड झाल्याचं सांगताना सुझुकीने एन्ड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या, जागतिक स्पर्धेतला कारखान्याचा सहभागही थांबवला. तिथे वेगळा संघ, वेगळी माणसं, ब्रिव्हिओंचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि तो संघ २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षांचा जगज्जेता होता. मोटोजीपी ब्रिव्हिओंमुळे बंद झाली असेल, तर हा संघ कुणामुळे बंद झाला?

कंपनीची ही सवयही जुनी आहे. डिसेंबर २००८ मध्ये मंदी आली तेव्हा मोटारींच्या जागतिक रॅली स्पर्धेतून तिने अंग काढून घेतलं. २०११ अखेर मोटोजीपी सोडली, तेव्हा मंदी, महागलेला येन आणि नैसर्गिक आपत्ती ही कारणं दिली होती. तेव्हा ब्रिव्हिओ सुझुकीत नव्हतेच.

मॅनेजर गेला की संघ ढासळतोच, या समजुतीबद्दल थोडक्यात. २०१७ च्या शेवटी सुप्पो यांनी असंच अनपेक्षितपणे होंडा सोडलं. त्यांच्या जागी आल्बेर्तो पुइग आले. मार्केझने २०१८ आणि २०१९, दोन्ही जगज्जेतेपदं जिंकली. २०१९ मध्ये तर ४२० गुणांचा विक्रम केला. ब्रिव्हिओ २०१० अखेर यामाहातून गेले, त्यानंतरही यामाहाने स्वार होर्हे लोरेन्झोबरोबर २०१२ आणि २०१५ ची जगज्जेतेपदं मिळवली.

शेवटचा आरोप मला सगळ्यांत जास्त लागतो: ब्रिव्हिओंनंतर आत काही उरलंच नव्हतं. नोकरी जाणार हे माहीत असलेल्या याच मेकॅनिकांनी तयार केलेल्या गाडीवर रिन्सने १६ ऑक्टोबरला फिलिप आयलंड जिंकलं, मार्केझच्या पुढे, ०.१८६ सेकंदांनी. ६ नोव्हेंबरला व्हॅलेन्सियाला, सुझुकीच्या अखेरच्या शर्यतीत, त्याने पहिल्याच वळणाला आघाडी घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. गॅरेज रिकामं झाल्यावर बाकीच्या संघांनी ही माणसं लगेच उचलली. कावाउची होंडाकडे तांत्रिक व्यवस्थापक म्हणून गेले. रिन्सचे क्रू चीफ, म्हणजे त्याच्या मेकॅनिकांचे प्रमुख, मानुएल काझो एप्रिलिया संघात विन्यालेसकडे गेले. मीरचे क्रू चीफ फ्रँकी कार्केडी ग्रेसिनी संघात फाबिओ दि जान्नान्तोनिओकडे गेले आणि त्याने २०२३ मध्ये कतार जिंकलं. रिन्स एलसीआर संघाच्या होंडावर बसला आणि एप्रिल २०२३ मध्ये ऑस्टिनला जिंकला. त्या अख्ख्या हंगामात होंडाला मिळालेला तो एकमेव विजय.