‘जीव लावला नाही’ म्हणता? : ल्यूटनच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सर्वप्रथम, एवढा लांबलचक लेख शेवटपर्यंत वाचलात याबद्दल आभार. तुमची प्रतिक्रियाही तशीच लांब आहे, म्हणून उत्तर स्वतंत्र लिहितोय. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ल्यूटन टाउन हा छोटा फुटबॉल क्लब २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, आला तेव्हा त्यानं ऐपतीबाहेर जाऊन खेळाडू आणले नाहीत आणि ते योग्यच केलं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : ल्यूटन पुढच्या दोन मोसमांत दोन पायऱ्या खाली गेला, त्यामुळे माझा सगळा युक्तिवाद निकालात निघतो. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं पैसा ओतला आणि तो टिकला. ब्रेंटफर्डचं यश नशिबाचं. संडरलँडचं नाव मी मुद्दाम टाळलं. आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य : “ज्यानं आयुष्यात एकाही क्लबवर जीव लावलेला नाही, तोच असं हिशेबनिसासारखं लिहू शकतो.”

संडरलँडचा उल्लेख लेखात यायला हवा होता, हे मान्य. २०२५ मध्ये प्ले-ऑफ (बढतीसाठीचे निर्णायक सामने) जिंकून वर आल्यावर त्यांनी १० कोटी पौंडांहून जास्त खर्च केला, ग्रानिट झाकासारखा अनुभवी कर्णधार आणला आणि मोसमाची सुरुवात दमदार केली. त्यावर स्वतंत्र लिहिण्यासारखं आहे, लिहीन. पण ‘मुद्दाम टाळलं’ म्हणायचं काही कारण नव्हतं. लेख ल्यूटनवर होता.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. मतभेद असू देत, आकडा चुकला असेल तर दाखवा, मी दुरुस्त करेन. पण लेखात काय लिहिलंय ते बाजूला ठेवून माझ्या मनात काय नाही हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता? आपली ओळख नाही, भेट नाही. ‘हिशेबनीस’ हा शब्द तुम्ही शिवी दिल्यासारखा पुन्हा पुन्हा वापरलाय. जो पैशाचं विचारतो त्याचं क्लबवर प्रेम नाही, हे तुम्ही धरूनच चालला आहात. मला हे फार लागलं, आणि का लागलं ते सांगतो.

मी लीड्स युनायटेडचा पाठीराखा आहे. २००१ साली चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत व्हॅलेन्सियाविरुद्धचा पहिला सामना ०-० सुटला आणि परतीचा सामना आम्ही ०-३ हरलो, तेव्हा आमचा संघ इतका तरुण होता की पुढच्या वर्षी आपण नक्की परत येणार असंच वाटत होतं. ते वाटणं फक्त माझ्यासारख्यांचं असतं तर बिघडलं नसतं. पण अध्यक्ष पीटर रिड्सडेल आणि त्यांच्या संचालक मंडळालाही तसंच वाटत होतं. त्यांनी पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीच्या भरवशावर ६ कोटी पौंडांचं कर्ज उचललं. चॅम्पियन्स लीगमधली जागा हुकली आणि गणित कोसळलं. २००२ मध्ये रिओ फर्डिनंड मँचेस्टर युनायटेडला विकला गेला, त्यानंतर वुडगेट, मग क्यूएल. २००४ मध्ये आम्ही प्रीमियर लीगमधून बाहेर फेकलो गेलो आणि त्याच वर्षी एलंड रोड, आमचं स्वतःचं मैदान, विकलं गेलं. २००७ मध्ये क्लब प्रशासकांच्या (कर्ज फेडता न येणाऱ्या क्लबवर नेमल्या जाणाऱ्या कारभाऱ्यांच्या) हाती गेला आणि तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग पुन्हा बघायला २०२० उजाडलं. ही सगळी वर्षं मी लीड्सच्याच बाजूनं होतो. तिसऱ्या श्रेणीतले निकालही रात्री शोधून वाचत होतो. तेव्हा जीव लावण्याबद्दल मला शिकवू नका.

दुसरी गोष्ट मी सहसा लिहीत नाही, पण तुम्ही वेळ आणलीत. काही वर्षं मी एका छोट्या हौशी क्लबचा खजिनदार होतो. आमचा संघ खालच्या गटातून वरच्या गटात गेला आणि कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला वाटायला लागलं की आता थांबायचं नाही. बाहेरून खेळाडू आणायचे ठरले, त्यांचं मानधन ठरलं, आणि हे सगळं एका प्रायोजकाच्या तोंडी आश्वासनावर. बैठकीत मी विचारलं, लेखी काही आहे का? त्यावर मला ऐकवलं गेलं की तुला खेळातलं काय कळतं, तू वह्या सांभाळ. तुमचं वाक्य वाचताना मला नेमका तोच सूर ऐकू आला. मोसम अर्ध्यावर आला आणि प्रायोजकानं अंग काढून घेतलं. बाहेरचे खेळाडू दुसऱ्या क्लबांत गेले, त्यांना कोणीही घेतलं असतं. पण मैदानावर पाणी मारणारा, चुन्यानं रेषा आखणारा, सामन्याआधी गोलची जाळी बांधणारा माणूस कुठे जाणार? थकलेल्या पगाराचं विचारायला तो माझ्याकडे यायचा, कारण खजिनदार मी. दारातच उभा राहायचा, चपला काढायचा नाही. बसायला आलेलो नाही, पैसे घेऊन जायला आलोय, हे मला कळावं म्हणून. मोठी स्वप्नं बघणाऱ्यांपैकी कोणी त्याच्याशी बोलायला गेलं नाही.

म्हणून मी हिशेबाचं लिहितो. वर आलेल्या क्लबनं हात सैल सोडला तर बिल कोणाच्या नावे फाटतं, हा माझ्यासाठी कागदावरचा प्रश्न नाही.

ब्रॅडफर्ड सिटीचं उदाहरण मूळ लेखात एका ओळीत होतं, ते आता नीट सांगतो. ब्रॅडफर्ड १९९९ मध्ये वर आला. १९२२ नंतर पहिल्यांदाच तो सर्वोच्च श्रेणीत खेळणार होता. पहिल्या मोसमात कोणी त्यांना विचारत नव्हतं, पण शेवटच्या दिवशी डेव्हिड वेदरॉलच्या हेडरवर त्यांनी लिव्हरपूलला १-० हरवलं आणि ते टिकले. इथवरची गोष्ट कोणालाही आवडेल अशीच आहे. मग आला २०००चा उन्हाळा. अध्यक्ष जेफ्री रिचमंड यांनी नुसतं टिकण्यावर समाधान मानायचं नाही असं ठरवलं. इटलीचा बेनिटो कार्बोने आला, आठवड्याला सुमारे ४०,००० पौंड पगारावर आणि तोही चार वर्षांच्या करारावर. डॅन पेट्रेस्कू आला, डेव्हिड हॉपकिन आला, पुढे स्टॅन कॉलीमोर आला. वर्षभरात संघ २६ गुणांसह तळाला जाऊन खाली गेला. उत्पन्न गेलं, करार तसेच राहिले. २००२ च्या मे महिन्यात क्लब प्रशासकांकडे गेला. कार्बोनेनं क्लबकडून येणं असलेल्या मोठ्या रकमेवर पाणी सोडलं, हे त्याच्या मोठेपणाचं. पण एखाद्या क्लबचं जगणं एका खेळाडूच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहावं, ही वेळच का यावी? २००४ मध्ये पुन्हा प्रशासक आले, आणि २००७ पर्यंत ब्रॅडफर्ड चौथ्या श्रेणीत पोचला होता. त्या उन्हाळ्यातल्या खरेदीला खुद्द रिचमंड यांनी नंतर ‘सहा आठवड्यांचा वेडेपणा’ म्हटलं. त्यांना तुम्ही हिशेबनीस म्हणणार का?

आणि क्लब दिवाळखोरीत गेला की कोणाचे पैसे बुडतात, हेही एकदा बघा. इंग्लंडमध्ये नियम असा आहे की क्लबला लीगमध्ये राहायचं असेल तर खेळाडूंचं आणि दुसऱ्या क्लबांचं देणं पूर्ण फेडावं लागतं. बाकीच्यांच्या वाट्याला बऱ्याचदा पौंडामागे काही पेनीच येतात. बाकीचे म्हणजे छपाईवाले, खानपानवाले, मैदानाशेजारचे छोटे व्यावसायिक. २००७ मध्ये लीड्सच्या देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचंही नाव होतं. सामन्याच्या वेळी कोणाला भोवळ आली, कोणाचा पाय मुरगळला तर धावून जाणारे हे स्वयंसेवक. माझ्या क्लबनं, ज्याच्यावर मी जीव लावलाय त्या क्लबनं, त्यांचे पैसे थकवले. याची मला आजही लाज वाटते.

बेरी या क्लबबद्दल तर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही, मी लेखात लिहूनही. १९०० आणि १९०३ असे दोन एफए कप जिंकलेला, १८९४ पासून लीगमध्ये असलेला हा क्लब. २०१९ च्या वसंतात त्यांनी चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली. ज्या खेळाडूंनी ती मिळवून दिली त्यांचे पगार तेव्हा थकलेले होते. आधीच्या मालकाच्या काळात उत्पन्नात न बसणारे पगार देऊन वर चढायचा प्रयत्न झाला, नंतरच्या मालकाला क्लब चालवण्याइतका पैसा उभा करता आला नाही. २७ ऑगस्ट २०१९ ला मुदत संपत होती. क्लब विकला जाईल, पुढचा सामना होईल या आशेवर त्या दिवशी शेकडो पाठीराखे झाडू आणि फडकी घेऊन गिग लेनवर, बेरीच्या मैदानावर, आले, खुर्च्या पुसल्या, पायऱ्या झाडल्या. संध्याकाळी व्यवहार फिसकटला आणि रात्री लीगनं बेरीला बाहेर काढलं. वरच्या श्रेणीतला एकही सामना न खेळता. त्या खुर्च्या पुसणाऱ्यांचं प्रेम कमी पडलं होतं का? त्यांना कोणी कधी विचारलं होतं का, की एवढा धोका पत्करू या का म्हणून?

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. ल्यूटन दोन पायऱ्या खाली गेला, हे खरं. २०२४ मध्ये २६ गुणांवर प्रीमियर लीगमधून, आणि २०२५ मध्ये शेवटच्या दिवशी चॅम्पियनशिपमधून, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतूनही. चॅम्पियनशिपमध्ये त्यांनी काय काय बिघडवलं हा वेगळा विषय आहे आणि त्याचा प्रीमियर लीगमध्ये न केलेल्या खर्चाशी संबंध जोडणं मला पटत नाही. ब्रॅडफर्डही २६ गुणांवरच गेला होता, एवढं लक्षात ठेवा. फरक नंतरचा आहे. ल्यूटनवर प्रशासक आले नाहीत, पॉवर कोर्टच्या नव्या मैदानाला मंजुरी मिळाली, आणि क्लबचं नाव, रंग, बोधचिन्ह बदलायचं झालं तर नकाराधिकार अजून पाठीराख्यांच्या ट्रस्टकडे आहे. २००८ मध्ये ३० गुण कापले जाऊन २००९ मध्ये लीगबाहेर फेकला गेलेला क्लब आहे हा. पैसे संपले म्हणजे काय होतं ते त्यांना कोणी सांगायची गरज नाही.

फॉरेस्टला पैसा ओतणारा मालक होता, प्रत्येकाला नसतो. आणि त्याचीही किंमत पडलीच : मार्च २०२४ मध्ये ४ गुण कापले गेले, कारण लीगच्या नियमानं ठरलेली तोट्याची ६.१ कोटी पौंडांची मर्यादा त्यांनी ३.४५ कोटींनी ओलांडली होती. ब्रेनन जॉन्सन या खेळाडूला हिशेबाचं वर्ष संपण्याआधी, जूनअखेर, न विकता सप्टेंबरमध्ये विकलं म्हणून चांगली किंमत आली, हा त्यांचा बचाव चौकशी आयोगानं मानला नाही. पुढच्या मोसमात ते सातवे आले, त्याबद्दल अभिनंदन. ब्रेंटफर्डला नशीबवान म्हणणाऱ्यानं वॉटकिन्स, टोनी, एम्ब्यूमो अशा खेळाडूंची एकामागून एक विक्री करूनही ते २०२१ मध्ये वर कसे आले आणि तेव्हापासून कसे टिकले, हे आधी समजून घ्यावं. २०२३ आणि २०२४ मध्ये वर आलेले सहाही संघ पुढच्याच वर्षी खाली गेले, हे तुम्ही माझ्याविरुद्ध मांडलंय. त्यात साउदॅम्प्टन आणि इप्सविचसारखे भरपूर खर्च केलेले संघही होते, त्यामुळे त्यातून तुम्हाला हवा तो निष्कर्ष निघत नाही.

“मग वर आलेल्या क्लबनं स्वप्न बघायचंच नाही का?” असं तुम्ही विचारलंय. बघावं. प्रत्येक करारात खाली गेल्यास पगार कमी होईल असं कलम घालून बघावं. ते कलम नसलं की काय होतं, ते तुमच्या लाडक्या संडरलँडलाच विचारा. २०१७ मध्ये ते खाली गेले तेव्हा त्यांच्या जॅक रॉडवेल या खेळाडूचा आठवड्याला सुमारे ७०,००० पौंडांचा पगार कमी झाला नाही, आणि पुढच्या वर्षी क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. टीव्हीचा पहिल्या वर्षाचा पैसा स्टँडवर, सराव केंद्रावर, अकादमीवर लावावा. ल्यूटननं केनिलवर्थ रोडचा, म्हणजे आपल्या सध्याच्या मैदानाचा, एक अख्खा स्टँड नव्यानं बांधला, तो कोणी परत घेऊन जात नाही. खाली गेल्यावर उत्पन्नातला खड्डा भरायला मिळणारी पॅराशूट रक्कम एकच मोसम वर काढलेल्या क्लबला दोनच वर्षं मिळते, हे चार वर्षांचे करार करण्याआधी लक्षात घ्यावं. यात स्वप्न मोडण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

यावर मुद्द्याला धरून लिहिणार असाल तर जरूर लिहा, विशेषतः ब्रॅडफर्ड आणि बेरीबद्दल, कारण त्या दोन्हींना तुम्ही हात लावलेला नाही. कोणी कशावर जीव लावलाय याचे दाखले वाटायचं मात्र थांबवा. तसल्या प्रतिक्रियेला इथे पुन्हा उत्तर मिळणार नाही.