स्टेरॉइडच्या आधी तारीख

ऑकलंडमध्ये बसून मराठी पालकांच्या चर्चा वाचताना एक गोष्ट खटकते. सातव्या महिन्यात कळा आल्या आणि डॉक्टरांनी ‘बाळाच्या फुफ्फुसांसाठी’ इंजेक्शन लिहिलं, की निम्मे लोक म्हणतात, ‘स्टेरॉइड? नको गं बाई!’ उरलेले, मुहूर्त पाहून ठरवलेल्या सिझरआधीही, ‘घेऊन ठेव, बरं असतं.’ कितवा आठवडा चालू आहे, हे कुणीच विचारत नाही.

हा उपचार मूळचा इथलाच. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळालेली, दिवस भरायच्या खूप आधी जन्मलेली कोकरं एरवी जगली नसती. ती श्वास घेत होती. मग बालरोगतज्ज्ञ रॉस हाउईंबरोबर त्यांनी २८२ मातांवरचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले.

आईला ताण आला की तिचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) वाढतं, पण वारेतलं (प्लॅसेंटातलं) एक एन्झाइम त्यातलं बरंचसं निकामी करतं. डेक्सामेथासोन आणि बेटामेथासोन ही स्टेरॉइडं त्या पहाऱ्यातून सुटतात, म्हणूनच ती वापरतात. थोडक्यात, जो ताण वार अडवते तोच आपण सुईने आत पोचवतो. फुफ्फुसं लवकर तयार होतात. पण तोच निरोप मेंदूला आणि स्वादुपिंडालाही जातो.

त्याच्या खुणा राहतात का? ऑकलंडच्या मूळ चाचणीतली बाळं तिशीत पुन्हा तपासली, तेव्हा रक्तदाब, कोलेस्टेरॉल ठीक होतं. साखर पाजून केलेल्या चाचणीत मात्र इन्सुलिनला किंचित जास्त विरोध दिसला. फिनलंडच्या २०२० मधल्या पाहणीत, दिवस भरून जन्मलेल्या पण पोटात असताना स्टेरॉइड मिळालेल्या मुलांत मानसिक व वर्तनाच्या विकारांचं निदान ८.८९ टक्के होतं, इतरांत ६.३१. ती निरीक्षणं आहेत, कारण सिद्ध होत नाही. तरी ज्या बाळाला गरजच नव्हती त्याच्या बाबतीत हा आकडा दुर्लक्षू नये. चौतिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात दिलं तर जन्मानंतर रक्तातली साखर उतरते: अमेरिकी चाचणीत २४ टक्के बाळांची, न दिलेल्यांत १५.

तिसाव्या आठवड्यात मात्र नकार देणं धोक्याचं. भारत सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार वेळा. पहिला डोस एएनएमनेही (गावातल्या आरोग्यसेविकेनेही) द्यायचा आणि मग रेफर करायचं. (बेटामेथासोनचे दोन डोस चोवीस तासांनी देतात ते फॉस्फेट-ॲसिटेट मिश्रणाचे. आपल्याकडे बहुतेक नुसतं फॉस्फेट मिळतं, ते लवकर ओसरतं, म्हणून डेक्सामेथासोन.)

पण २०११ ते २०१४ मध्ये सहा देशांत, त्यात नागपूर आणि बेळगावही होतं, गावपातळीवर हे राबवलं तेव्हा एकूण नवजात मृत्यू हजारी साडेतीनने वाढले. बऱ्याच जणींची प्रसूती नंतर वेळेवरच झाली, आणि मातांमध्ये संसर्गाचा संशयही वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, त्यातही भारत होता, सोनोग्राफीने आठवडे नक्की केले, रुग्णालयं सज्ज होती. तिथे खूप आधी जन्मलेल्या बाळांचे मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच.

म्हणून सगळ्यांत मोलाचा कागद पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा. त्यात फरक फार तर आठवड्याचा. शेवटच्या तिमाहीत तो तीन आठवड्यांपर्यंत जातो. आपल्याकडे हा कागद सासरच्या कपाटात राहतो आणि बाळंतपण माहेरी होतं. फोटो काढून तिच्या फोनमध्ये ठेवा, आणि माहेरच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा.