ठसका लागला तर खरं

नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलं. डॉक्टर फक्त "तळकट कमी करा" एवढंच म्हणाले होते, पण लेकीचा पुण्याहून फोन आला. "आई, ऑलिव्ह ऑइल आण. आणि बघून आण हं, भेसळ फार असते." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर अकरा व्हिडिओ.

आता बघून आणणं ही माझी हयातभराची कामगिरी आहे. भेंडीचं टोक मोडून बघते, नारळ कानाशी हलवून बघते, कलिंगडाला टिचकी मारते. पण सीलबंद बाटलीतल्या तेलाचं टोक कुठून मोडायचं?

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सुपरमार्केटात गेले. आपली नेहमीची तेलं जमिनीलगत पिशव्यांमधून एकमेकींच्या अंगावर लोळत होती. ऑलिव्ह ऑइलला मात्र देव्हारा. काचेचं कपाट आणि वर पिवळे दिवे. व्हिडिओत नुकतंच ऐकलं होतं की प्रकाश, उष्णता आणि हवा हे या तेलाचे तीन वैरी, म्हणून बाटली गडद काचेची घ्यावी. इथे तर पहिला वैरी डोक्यावरच बसवलेला. मग मी दुधाची पिशवी काढतात तशी हात खांद्यापर्यंत आत घालून मागच्या रांगेतली बाटली काढली.

पोटजाती पुष्कळ. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळं दळून नुसत्या यंत्राने काढलेलं, रसायन न लावलेलं, आम्लता ०.८ टक्क्याच्या आत असलेलं तेल. नुसतं 'ऑलिव्ह ऑइल' म्हणजे रिफाइन्ड तेलात थोडं चांगलं घालून बरं केलेलं. आणि तिसरं पोमेस. तेल काढून उरलेल्या चोथ्यातून रसायनाने पुन्हा तेल काढायचं, ते रिफाइन करायचं आणि वर चार थेंब चांगल्याचे. सरळ मराठीत पेंड. आमच्या गावी पेंड म्हशीला घालतात. इथे तिला लाल फीत बांधून 'एकावर एक फ्री' लावलं होतं. तशी ही भेसळ नव्हे, कायदेशीर माल आहे. फक्त 'ऑलिव्ह' बोटाएवढ्या अक्षरांत आणि 'पोमेस' मुंगीएवढ्या.

तेवढ्यात कंपनीच्या टीशर्टातला एक मुलगा आला. "मॅम, लाईट ले लो, सर का वेट कम होगा." लाईट म्हणजे रंगाला आणि चवीला फिकं. ग्रॅमला नऊ कॅलरी त्यातही तेवढ्याच, तुपात असतात तेवढ्या. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो नम्रपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे सरकला.

मग गाव. 'प्रॉडक्ट ऑफ इटली' वेगळं आणि 'पॅक्ड इन इटली' वेगळं. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल स्पेनचं, पण नाव मोठं इटलीचं. त्यामुळे स्पेन, ग्रीस, ट्युनिशिया कुठलंही तेल आणून इटलीत बाटलीत भरलं की लेबलावर इटली येते. हे कळायला मला एक सेकंद लागला नाही. दर एप्रिलमध्ये वाशीच्या मार्केटातून खोक्यावर देवगड आणि आत कर्नाटक घेऊन घरी आलेली बाई आहे मी.

राहिली तोडणीची तारीख. फळं झाडावरून कधी उतरवली ते ज्या बाटलीवर लिहिलंय ती घ्यावी म्हणतात, कारण हे तेल वाइनसारखं मुरत नाही, लिंबाच्या सरबतासारखं उतरत जातं. माझ्या बाटलीवर ती तारीख असावी असा संशय होता, कारण नेमक्या त्या जागी आयातदाराचं पांढरं स्टिकर डकवलेलं होतं. मी नखाने कोपरा उचलायला घेतला.

"काकू, स्टिकर नका काढू. बिलिंगला स्कॅन नाही होणार."

"अगं, तोडणीची तारीख बघायचीय."

"कुणाची?"

त्या पोरीला उत्तर देता देता अर्धं स्टिकर माझ्या नखात आलं आणि बाटली घेणं भाग पडलं. अर्धा लिटर, ८९९ रुपये. खाली तारीख नव्हतीच, ऑलिव्हच्या फांदीचं चित्र होतं.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. वय ८३, माहेर सांगलीचं, लहानपण घाण्याच्या शेंगतेलावर गेलेलं. ठाण्यात आल्यावर जांभळी नाक्यावरून किटलीत तेल आणायचं आणि दुकानातच तळहातावर थेंब चोळून वास घ्यायचा, ही त्यांची पद्धत. बाटली उलटीसुलटी करून म्हणाल्या, "आमच्या वेळी तेलाला एवढं वाचायला लागत नव्हतं गं." मी म्हटलं, आई, रोममध्ये टेस्टाच्चो नावाची अख्खी टेकडी आहे, ऑलिव्ह तेलाच्या फुटक्या मडक्यांची. वजन, ठिकाण, तपासणाऱ्याचं नाव, सगळं मडक्यावर शाईने लिहिलेलं सापडतं. "मग तेव्हापासूनच लबाडी असणार," आई म्हणाल्या.

व्हिडिओतली पहिली परीक्षा फ्रिजची. गोठलं तर अस्सल. आपल्याकडे खोबरेलाबद्दल हेच म्हणतात, पण ठाण्यात खोबरेल थंडीतल्या सकाळीच गोठतं, म्हणून कुणी उरलेल्या दिवसांचं खोबरेल फेकून देत नाही. मी तीन दिवस वाटी फ्रिजमध्ये ठेवली, तेल थोडं धुरकटलं. पुढे वाचलं तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या ऑलिव्ह सेंटरने ही परीक्षाच निकालात काढलेली. अस्सल तेल गोठेलच असं नाही आणि भेसळीचंही गोठू शकतं. दुसरी परीक्षा वातीची. अस्सल तेलात वात छान जळते म्हणे. वात कशातही छान जळते, हे सांगायला आमच्या घरात देव्हारा पुरेसा होता.

खरा निकाल प्रयोगशाळेतच लागतो, आणि त्याच्या जोडीला जिभेवर. तज्ज्ञ परीक्षक तेल निळ्या काचेच्या पेल्यात घेतात, म्हणजे हिरवा रंग बघून भुलायला होत नाही. पेला झाकून २८ अंशांवर आणतात, मग हुंगतात. मे महिन्यात ठाण्यात तेल २८ अंशांवर आणायचं तर एसी लावावा लागतो. तो लावला. त्यांची दोषांची यादी वाचून मात्र मी चाट पडले. खवट, कुबट, आंबूस. आमच्या सासूबाई हे तिन्ही शब्द रोज वापरतात, आणि फक्त पदार्थांना नव्हे.

त्यांच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या. एक नव्या तेलाची. दुसरी भाच्याने स्पेनहून आणलेल्या तेलाची. पांढऱ्या काचेतली ती सुरेख बाटली 'कुणी येईल तेव्हा काढू' म्हणून शोकेसमध्ये नाचऱ्या बाहुलीशेजारी, ट्यूबलाइटखाली, अडीच वर्षं उभी होती. तिच्या अस्सलपणाबद्दल तर शंकाच नव्हती, शेतावरूनच घेतलेली.

आईंनी स्पेनची वाटी तळहातात धरली, वर दुसरा हात झाकला, डोळे मिटले. कुणी शिकवलं नव्हतं. मग हात काढून एकच शब्द.

"खवट."

"आई, ते स्पेनचं आहे."

"असू दे. जुन्या अक्रोडाचा वास मारतोय."

मी हुंगलं. मारत होता. भेसळवाल्यांवर डोळा ठेवता ठेवता खऱ्या तेलाची वाट आम्हीच लावली होती. देवापुढे लावू म्हटलं तर "देवाला खवट चालत नाही", म्हणून ते सेफ्टी डोअरच्या बिजागरीला गेलं.

दुसरी वाटी. आईंनी अर्धा चमचा तोंडात घेतला, गिळला आणि असा ठसका लागला की मी पाणी आणायला धावले. "घशाला लागतंय! भेसळ आहे यात, तिखट घातलंय!"

मी आनंदाने ओरडले, "आई, हेच हवं होतं!" कारण ताज्या, चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये ओलिओकॅन्थल नावाचं द्रव्य असतं आणि ते नेमकं घशाच्या मागे झोंबतं. दाह कमी करणाऱ्या आयबुप्रोफेनच्या गोळीसारखा त्याचा गुण असल्याचं २००५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापूनही आलंय. हे सगळं मी त्यांची पाठ चोळत सांगत होते. नवरा आतून आला, त्यानेही चमचाभर घेतलं आणि खोकला. मीही घेतलं. तिघं डायनिंग टेबलभोवती खोकत असताना समोरच्या काकू दारात. "काय झालं? डॉक्टरांना बोलावू?"

"नको," नवरा डोळे पुसत म्हणाला, "तेल चांगलं निघालं."

आईंना हे काही पटलेलं नाही. नऊशे रुपये देऊन घसा धरून घ्यायचा, म्हणाल्या. पण टाकवेना. रात्री त्यांनी हिरव्या मिरच्या तव्यावर भाजल्या, लसूण आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचा कुटला, गरम भाकरीवर ठेवला आणि कच्च्या तेलाची धार धरायची तिथे मुकाट्याने ही बाटली तिरकी केली.

पहिल्याच घासाला मला ठसका लागला. तेलाचा होता की मिरचीचा, कुणाला विचारणार?