‘ब्लाझे’ म्हणजे तोतरा नव्हे

बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये एक वाक्य सर्रास उतरवलं जातं: ‘ब्लाझे हे लॅटिन ब्लासियसचं मॅसेडोनियन रूप, अर्थ तोतरा, हे खरं नाव नव्हे, नुसतं लाडाचं.’ लाडाचं रूप आहे, एवढंच यात बरोबर. मॅसेडोनियन भाषेचं व्याकरण लिहिणाऱ्या ब्लाझे कोनेस्कींच्या नावाला ‘तोतरा’ हा अर्थ चिकटावा, हे मला सहन होत नाही.

लॅटिनमध्ये ‘ब्लायसुस’ म्हणजे बोबडं बोलणारा, हे खरंच. त्यावरून नाव पडलेला ब्लासियस हा ख्रिस्ती संतही आहे. पण मॅसेडोनियन लोक बहुतांशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे; त्यांच्याकडे हा संत ग्रीकमधून आला. ग्रीकमध्ये तोवर ‘ब’च्या अक्षराचा उच्चार ‘व’ झाला होता, म्हणून त्यांचा संत व्लासिय. ‘ब’ टिकला तो क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या कॅथलिक मुलखात. तिथला ‘ब्लाझ’ त्या संताचाच, आणि गल्लत झाली ती त्याच्याशी.

ब्लाझे आलं ब्लागोया या पुरुषाच्या नावावरून. ‘ब्लाग’ म्हणजे गोड, मायाळू. देवदूतानं मरियेला शुभवार्ता दिली तो ७ एप्रिलचा सण म्हणजे ब्लागोवेत्स. त्यातही हाच शब्द आहे. मग ‘ग’चा ‘झ’ कसा झाला? मॅसेडोनियनसारख्या स्लाव्ह भाषांत पुढे ‘ए’ आला की जुना ‘ग’ असाच वळतो. देव म्हणजे ‘बोग’, पण त्याला हाक मारायची तर ‘बोझे!’ मराठी कानाला हे परकं वाटू नये: भोग आणि भोजन, योग आणि योजना या जोड्याही त्याच जातीच्या.

शेवटच्या ‘ए’मुळे काही जण हे मुलीचं नाव समजतात. तसं नाही. गेओर्गीचा गोत्से, तोदोरचा तोशे, तसा ब्लागोयाचा ब्लाझे. मुलगी असेल तर ब्लागित्सा.

राहिलं ‘खरं नाव नव्हे’ हे. आपल्या टिळकांचं जन्मनाव केशव. घरातलं ‘बाळ’ देशभर झालं, म्हणून ते खोटं ठरलं का? १९२१ साली प्रिलेपजवळच्या नेब्रेगोवो गावी जन्मलेल्या कोनेस्कींचा १९४५च्या वर्णमालेत आणि शुद्धलेखनाच्या नियमांत मोठा वाटा होता. १९५२ आणि १९५४ मध्ये दोन भागांत त्यांचं व्याकरण आलं. १९६७ मध्ये ते मॅसेडोनियन अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. स्कोप्ये विद्यापीठातली भाषांची विद्याशाखा आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते, आणि त्या नावात ब्लागोया नाही, ब्लाझे आहे.