पितळी नळी कळकते ती कशानं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनाच्या (म्हणजे मेथॅनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) टाकीला पितळेच्या नळ्या लावा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पितळ मेथॅनॉलमध्ये सडतं, तुमच्या टाकीत हिरवा-काळा चिकट गाळ साचला आणि एक नळी दोन वर्षांत वाकणावर तडकली. खऱ्या विमानांत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या असतात, मग मॉडेललाच पितळ कशाला? आणि एनसीसीच्या पोरांना असले सल्ले देऊ नयेत.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘पितळेला काही होत नाही’ हे माझं वाक्य साफ चुकीचं होतं. आमच्या आजीनं कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं म्हणून अख्खं ताक ओतून दिलेलं मी लहानपणी पाहिलंय. कळकलं म्हणायची. टाकीत होतं ते हेच. ताजं, कोरडं मेथॅनॉल पितळेला फारसं छळत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि मेथॅनॉल जळताना थोडं फॉर्मिक आम्ल तयार होतं; ताकद वाढवायला इंधनात नायट्रोमिथेन घातलेलं असेल तर नायट्रिक आम्लाचाही अंश असतो. या आंबट पाण्यात पितळेतलं तांबं हळूहळू उतरतं, इंधनात वंगण म्हणून असलेल्या एरंडेलात मिसळतं आणि तुम्ही म्हणता तो गाळ बनतो.

आता तुम्ही म्हणाल, जळणं इंजिनात होतं, आम्ल टाकीत कुठून आलं? सायलेन्सरवरून टाकीला दाब देणारी जी नळी आपण जोडतो ना, तिच्यातून. धुराबरोबरची वाफ आणि आम्लाचा अंश त्या वाटेनं उलटा टाकीत शिरतो. माझ्या टाक्यांत इंधन ओढणारी नळी बऱ्यापैकी पिवळी राहते आणि दाबाच्या नळीचं तोंड आधी काळं पडतं. तुमच्या टाकीची बुच्ची काढून बघा, तसंच दिसेल असा माझा अंदाज आहे.

त्यामुळे दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की टाकीत उरलेलं इंधन मी पिचकारीनं ओढून घेतो, मग इंजिन पुन्हा सुरू करून नळीतलं उरलेलंही जाळून टाकतो आणि दाबाची नळी सायलेन्सरवरून काढून ठेवतो. एवढं केलं तर पितळ वर्षानुवर्षं टिकतं. इंधन तसंच ठेवून विमान पावसाळाभर माळ्यावर टाकलं, तर कुठलाच धातू तुम्हाला दुवा देणार नाही. इंजिनाची बेअरिंगं तर नळीच्या आधी गंजतील.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. खऱ्या विमानांत ५०५२ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या असतात, बरोबर. पण त्यांतून मेथॅनॉल वाहत नाही, आणि त्यांची टोकं फ्लेअर करून, म्हणजे कर्ण्यासारखी फुलवून, नटानं आवळलेली असतात. आपण नळीवर सिलिकॉनची ट्यूब नुसती चढवतो. ती निसटू नये म्हणून टोकाला तारेचं बारीक कडं डाक (सोल्डर) देऊन बसवावं लागतं, आणि साधा डाक अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. पातळ अ‍ॅल्युमिनियम वाकवताना चिमटतंही पटकन. मेथॅनॉलमध्ये पाणी आणि घामाच्या हातातलं मीठ आलं की त्याला बारीक खड्डे पडतात, ते वेगळंच. वजन वाचतं म्हणाल, तर हिशेब करू. एक सुती (म्हणजे बाहेरून १/८ इंच जाडीची) नळी, भिंत ०.३६ मिलिमीटर, दोन्ही नळ्या मिळून वीस सेंटिमीटर लांबी. पितळेची भरते साडेपाच ग्रॅमच्या आत, अ‍ॅल्युमिनियमची पावणेदोन. पावणेचार ग्रॅमसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही.

आता तडकलेली नळी. तुमच्या प्रतिक्रियेतली मला सगळ्यात रस असलेली गोष्ट ही, कारण तडकणं आणि कळकणं हे एकच नव्हे.

ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तडकायची. काडतुसं ठेवलेली असायची तबेल्यांत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, या तिघांचा तो प्रताप होता. तडे मोसमात जायचे म्हणून नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. त्याचा उलगडा १९२१ साली छापून आला. म्हणजे या रोगाचं बारसं आपल्याच पावसाळ्यानं केलंय.

मला हे वाचून माहीत होतं, तरी मी फसलो. एका पावसाळ्यात गावच्या घरी गोठ्याच्या वरच्या माळ्यावर विमान ठेवलं होतं. दिवाळीत काढलं तर दाबाची नळी वाकणाच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढी फुटलेली. ते लक्षात न येता उडवलं. नळीतून दाब निसटला, इंजिनाला इंधन कमी पडलं, ते वर एकदा किंचाळलं आणि बंद पडलं. विमान उसात. तासभर पानांनी हात कापून घेतले तेव्हा सापडलं. इंधनाला मी शिव्या घातल्या, चूक गोठ्याची, म्हणजे माझीच होती.

नळी थंडच वाकवली की तिच्यात तसाच ताण राहतो. म्हणून आता वाकवण्याआधी आणि नंतरही नळी अंधाऱ्या कोपऱ्यात गॅसवर जेमतेम लालसर होईतो तापवतो. भिंत इतकी पातळ की क्षणभर जास्त झालं तर वितळलीच. काही पितळ-पॉलिशमध्येही अमोनिया असतो. नळी चकचकीत करायचा मोह होत असेल तर आवरा.

डाकाचंही तेच. डाक धरावा म्हणून लावतो तो फ्लक्स आम्लाचा असेल तर काम झाल्यावर खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात नळी आतून-बाहेरून धुवा, नाहीतर कळंक तिथूनच सुरू होईल.

पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत मात्र तुमचं पारडं जड आहे. तांबं पेट्रोलमध्ये राळ धरायला मदत करतं, आणि आता पंपावरचं पेट्रोल ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) असतं, म्हणजे पाणी ओढणारं इथेनॉल त्यातही आलं. तिथे स्टेनलेस लावा. वाकवताना आतून बारीक कोरडी वाळू ठासून भरा, डाकाला फॉस्फरिक आम्लाचा फ्लक्स लागेल, बोटं दुखतील. आणि ट्यूब सिलिकॉनची चालणार नाही, पेट्रोलमध्ये ती फुगते. मूळ लेखात ग्लो आणि पेट्रोल असा फरक मी केलाच नव्हता. पोरांच्या बाबतीतली तुमची तक्रार तेवढ्यापुरती रास्त आहे. लेख आजच दुरुस्त केलाय, ‘काही होत नाही’ हे वाक्य काढलंय.

तडकलेला तुकडा टाकला नसेल तर भिंगाखाली बघाल का? तडा नळीच्या लांबीच्या दिशेनं गेला असेल तर बहुधा अमोनिया. आडवा, गोल फिरलेला असेल तर बहुधा इंजिनाची थरथर, म्हणजे नळीला आधार कमी पडला. पिवळ्या पितळेवर तांबूस डाग दिसत असतील तर त्यातलं जस्त निघून गेलंय, आणि मग इंधनाबद्दलचा तुमचा आरोप मी मान्य करीन. विमान कुठे ठेवत होतात तेही लिहा. शेजारी कोंबड्यांचं खुराडं वगैरे नव्हतं ना?