वॉटर पार्कात सिगारेट ओढणाऱ्यांसाठी काही सूचना

मे महिन्यात नाशकाचा पारा चाळिशीला टेकला, शाळा सुटल्या आणि सोसायटीतल्या तीन कुटुंबांनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, की वॉटर पार्कची सहल टळत नाही. पोरांना काय, पाणी दिसलं की झालं. घरात आदल्या रात्रीपासून टॉवेल, कोरडे कपडे, उलटीच्या गोळ्या अशी जमवाजमव चालते. तुमच्या तयारीची मात्र कुणी विचारपूसही करत नाही. दिवसभर ओल्या अंगाने, खिसा नसलेल्या कपड्यांत, शे-दोनशे पोरांच्या गराड्यात सिगारेट ओढायची म्हणजे चेष्टा नाही.

सुरुवात टपरीपासून. सुटी सिगारेट घ्या. महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि विडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तेव्हा मोठ्याने मागू नका. दोन बोटं दाखवली की टपरीवाला समजतो. अख्खं पाकीट कशाला नको? त्याचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने आणि त्या फोटोने व्यापलेला असतो, शिवाय व्यसन सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर. ऐन सहलीच्या दिवशी असलं काही कशाला बघायचं? सुटीवर हा इशारा छापता येत नाही, हीच सरकारची अडचण होती. तुमची तीच सोय.

लायटर दिवसभर गाडीच्या डॅशबोर्डवर राहू द्या, परतताना सापडायला सोपा जातो. त्यात दाबाखालचा द्रवरूप ब्युटेन असतो आणि ५० अंशांवर तापू देऊ नका, असं त्यावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं. मेच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ही मर्यादा जेवणाच्या आधीच ओलांडतो. लायटर फुटलाच तर काचेचा आवाज तुम्हाला रेन डान्सच्या गाण्यात ऐकू येणार नाही, म्हणजे करमणुकीत खंडही नाही. सोबत काडेपेटी ठेवाच.

गेटवर पिशव्या तपासतात. घाबरायचं कारण नाही, शोध खाण्याचा चाललेला असतो. मेथीचे ठेपले सापडतात, चिवड्याची पुडी सापडते, आजीच्या डब्यातला गुळाचा खडासुद्धा सापडतो आणि बाजूला काढून ठेवला जातो. बरमुड्यातली काडेपेटी आजवर कुणाला सापडलेली नाही. ती काही बाहेरचे खाद्यपदार्थ या सदरात येत नाही.

आत शिरलात की डाव्या हाताला, बोगनवेलीच्या मागे, एक पाटी असेल. ती एकदा नीट बघा, कारण या देशात इतकं मापात बसवलेलं दुसरं काही तुम्हाला पार्कात दिसायचं नाही. पांढरी पार्श्वभूमी, ६० बाय ३० सेंटिमीटर. त्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याची लाल कड किमान ३ सेंटिमीटर रुंद. मध्ये सिगारेट किंवा विडी, तिच्यातून निघणारा धूर काळा, आणि तिला छेदणारी लाल पट्टी कडेइतकीच रुंद. खाली ‘येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे’. हे सगळं २००३ च्या तंबाखू कायद्याखालच्या नियमांत लिहिलेलं आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे मुद्दाम गांधी जयंतीचा मुहूर्त धरून, ते लागू झाले. तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव ठळकपणे लावायचं, असाही नियम आहे. त्या ठिकाणी ‘तक्रारीसाठी संपर्क :’ एवढं छापलेलं असतं आणि पुढे एक सरळ रेघ. रेघ छान आखलेली असते.

आता मुख्य प्रश्न, स्मोकिंग झोन कुठे आहे. जाणकार लोक इथे अमेरिकेचा दाखला देतात. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या डिस्नेच्या पार्कांनी १ मे २०१९ पासून आतल्या सगळ्या स्मोकिंगच्या जागा काढून टाकल्या आणि ओढणाऱ्यांना गेटाबाहेर पाठवलं. त्याच दिवसापासून ३१ इंचांपेक्षा रुंद किंवा ५२ इंचांपेक्षा लांब बाबागाड्याही बंद, आणि त्याच घोषणेत सुटा बर्फही. सिगारेट, बाबागाडी आणि बर्फ एकाच यादीत. आपल्याकडे एवढा कठोरपणा करायची वेळ आलेली नाही, कारण काढून टाकायला मुळात काही नाहीच. आपल्या कायद्याने धूम्रपानाची वेगळी जागा ठेवायची मुभा तिघांनाच दिली आहे: विमानतळ, ३० किंवा अधिक खोल्यांचं हॉटेल आणि ३० किंवा अधिक माणसं बसतील असं रेस्टॉरंट. करमणुकीची केंद्रं त्यात नाहीत; ती सार्वजनिक ठिकाणांच्या व्याख्येत, इस्पितळ, कोर्ट आणि वाचनालयाच्या पंगतीला बसवली आहेत. तेव्हा पार्कातल्या पावभाजीच्या शेडखाली जाऊन खुर्च्या मोजा. एकोणतीस भरल्या तर शेजारच्या टेबलाची एक ओढून घ्या.

तीस भरल्या म्हणून लगेच पेटवू नका. कायद्यातली खोली कशी असते ते समजून घ्या, म्हणजे आपल्याला काय मिळालेलं नाही हे कळून जीव हळहळेल. चारही बाजूंना छतापर्यंत भिंती. आपोआप मिटणारं दार. धूर थेट बाहेर फेकणारा पंखा, तो धूर इमारतीच्या दुसऱ्या भागात मिसळता कामा नये. आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. या शेवटच्या अटीतच सगळी मेख आहे. आत जितकी हवा येते त्यापेक्षा जास्त पंख्याने ओढून बाहेर टाकली, तरच दार उघडल्यावर बाहेरची हवा आत घुसते, नाहीतर आतला धूर माणसाबरोबर बाहेर पडतो. पारख करायला एक उदबत्ती पुरते. दार दोन बोटं उघडायचं, फटीशी उदबत्ती धरायची. धूर आत वळला तर खोली कायदेशीर. बाहेर वळला तर ती नुसती सिगारेटवाल्यांची खोली. शिवाय ही जागा येण्याजाण्याच्या दारापाशी चालत नाही, आणि तिथे ओढण्यापलीकडे दुसरा धंदा करता येत नाही, म्हणजे चहासुद्धा नाही. चहाशिवाय सिगारेट म्हणजे काय, ते नियम करणाऱ्यांनी कधी पानटपरीवर उभं राहून पाहिलेलं दिसत नाही.

पार्कातली खरी जागा अशी नसते. ती हिरव्या शेडनेटची असते, खाली वाळूची लाल बादली, आणि ती बहुतेक वेळा पंप हाउसच्या मागे असते, कारण सावली तिथेच. तिथेच निळे ड्रमही असतात. पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या पावडरीचे, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइटचे. हा पदार्थ स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळायला ऑक्सिजन पुरवतो. तेल, डिझेल, गोणपाट, कागद असलं काही त्यात मिसळलं तर काडी न लावताही पेट घेऊ शकतं. शेजारी जनरेटर, जनरेटरखाली डिझेलचा थारोळा. अशा ठिकाणी उभं राहून थोटूक कुठे टाकायचं असा विचार मनात येतोच, पण झुरक्यागणिक टोक ९०० अंशांच्या आसपास तापत असताना एवढा विचार कोण करतो.

ओल्या हाताने पेटवायची कला वेगळी. काडेपेटीच्या कडेला लाल फॉस्फरस डिंकात बसवलेला असतो. एकदा भिजला की खरवडून निघतो आणि काडी नुसती घासत राहते. लायटर आणलाच असेल तर त्याचं चाक ओलं झाल्यावर गारेवर सरकतं, ठिणगी पडत नाही. कोरड्या टॉवेलवर आठ-दहा वेळा घासून घ्यावं लागतं. सिगारेटचा कागद तर थेंबालाच विरघळतो. म्हणून गळ्यात अडकवायची मोबाइलची प्लास्टिकची थैली घ्या. मोबाइल बायकोकडे द्या, थैलीत दोन सिगारेटी आणि काडेपेटी. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, माणूस पोरांचे फोटो काढणार आहे.

पेटल्यावर ट्यूबवर पहुडायचा मोह होतो. ट्यूब पीव्हीसीची, एका ठिणगीचं काम. भाड्याचा कॉस्च्युम नायलॉनचा. तो कापडासारखा जळत नाही, वितळतो आणि कातडीला चिकटून बसतो. घसरगुंडीच्या फायबरवर टेकवलीत तर वरचा गुळगुळीत थर फोड आल्यासारखा उठतो, आणि पुढच्या पोराची मांडी तिथे खरचटते. तेव्हा हातातच धरा. उभं राहून कोपर दुमडून धरली की तिचं टोक जमिनीपासून साधारण १०० सेंटिमीटरवर येतं. पाच वर्षांच्या पोराचा चेहरा साधारण तिथेच. शेजारच्या मोठ्या घसरगुंडीवर उंची ४ फूट नसेल तर मूल चढू देत नाहीत, जिन्याशी पट्टी रंगवून ठेवलेली असते. सिगारेटच्या टोकासाठी कुठे पट्टी रंगवलेली नाही.

वाऱ्याचंही पाहा. दुपारनंतर नाशकात वारा पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या बाजूने येतो. तेव्हा लहान मुलांच्या उथळ तळ्याच्या पश्चिमेला उभं राहिलं की धूर तुमच्या तोंडावर येत नाही. स्वतः ओढता तो धूर निदान फिल्टरमधून तरी येतो. झुरका नसताना टोकाकडून नुसताच सुटत राहतो, तो कशातूनच गाळला जात नाही, आणि आजूबाजूच्यांच्या वाट्याला मुख्यत्वे हाच जातो. तो आपल्या डोळ्यांत कशाला घ्यायचा?

विडीवाल्यांसाठी दोन शब्द. विडी ओढत असाल तर पार्कात येऊच नका. पाटीच्या नियमात सिगारेट किंवा विडी असं लिहिलेलं असलं तरी गार्ड विडीवाल्यालाच हटकतो, सिगारेटवाल्याला ‘साहेब’ म्हणतो. खरं तर सिन्नरला बायकांच्या हातांनी वळलेली विडी म्हणजे तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू आणि एक दोरा. सारखा झुरका मारला नाही तर आपोआप विझते, आणि थोटूक पाचोळ्यात जिरतं. सिगारेटचं फिल्टर कापसासारखं दिसतं, असतं सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं, म्हणजे प्लास्टिकचं. पण साहेबपण कुठे जिरतं?

थोटकाचं शेवटी काय करायचं? लेझी रिव्हरमध्ये, म्हणजे ट्यूबवर पडून तरंगायच्या कालव्यात, सोडा. ते पाणी हळू वाहतं, थोटूक डुलत डुलत कडेच्या जाळीतून पन्हाळीत, तिथून टाकीत आणि टाकीतून पंपापुढच्या गाळणीच्या टोपलीत जातं. तिथे केसांचे रबर, बँडेडच्या पट्ट्या, चिप्सच्या पिशव्यांचे तुकडे आधीच जमलेले असतात. टोपली तुंबली की पंपाला पाणी पुरत नाही आणि आतून खडी चाळल्यासारखा आवाज येतो. मग पंपवाला पंप बंद करतो, दोन्हीकडचे व्हॉल्व आवळतो, झाकणाचे नट सोडतो, हात कोपरापर्यंत आत घालतो. थोटकं पाण्यात फुगून बोटाएवढी झालेली असतात, त्यांचं पाणी चहासारखं पिवळं. त्यातूनही निसटलेले धागे वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतात, काट्यावरचा दाब चढतो आणि उलटं पाणी सोडून फिल्टर धुवावा लागतो. ते पाणी गटारात जातं. मे महिन्यात त्याच्या जागी नवीन पाणी टँकरने येतं. तुमच्या एका थोटकाने किती माणसांना रोजगार मिळतो बघा.

कुणी हरकत घेतलीच तर भांडू नका. एखादी काकू येईल, “अहो, लहान मुलं आहेत इथे.” तुम्ही म्हणा, “ओपन आहे काकू, चालतं.” काकूंना ठाऊक नसतं, की २००८ च्या नियमांनी खुली सभागृहं, स्टेडियम, एसटी स्टँड अशा लोकांच्या जाण्यायेण्याच्या जागांना ‘मोकळी जागा’ या सवलतीतून आधीच वगळलं आहे. तुम्हालाही ते आत्ताच कळलं. गार्ड आला तर, “मामा, ही शेवटचीच.” दर तासाला ही शेवटचीच. बरोबरचा भाचा तोंडातून स्ट्रॉबेरीचा वास सोडत असेल तर मात्र त्याला झापा. ई-सिगारेट आणायला, विकायला, साठवायला २०१९ पासून बंदी आहे, आणि घरात कुणीतरी कायदा पाळायला हवा.

दंड २०० रुपयांपर्यंत. पार्कातल्या दोन पावभाज्यांना याहून जास्त पडतात आणि त्यांची पावती बहुधा मिळत नाही. पण नियमात एक खोच आहे. तक्रार येऊनही मालकाने किंवा व्यवस्थापकाने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्याही डोक्यावर. रविवारी पन्नास जणांनी ओढली तर सरळ दहा हजार. आता कळलं ना, ती रेघ रिकामी का असते? नाव नाही, म्हणजे तक्रार नाही. तक्रार नाही, म्हणजे गुन्हे शून्य, आणि शून्य गुणिले दोनशे.

संध्याकाळी मुंबई नाक्याशी गाडी जरा थांबवायला सांगा. पोरं मागे एकमेकांच्या अंगावर झोपलेली असतील. सकाळचाच टपरीवाला असेल, दोन बोटं बघून देईल आणि विचारेल, “काय भो, कशी झाली ट्रिप?”

लायटर चालतोय का बघा आणि सांगा, “एक नंबर. हवा काय स्वच्छ आहे राव तिकडे!”