कलमं पोलिसांना लावू द्या, तुम्ही घडलेलं लिहा

"पोलीस तक्रार अशी लिहा, आरोपी सुटणारच नाही" हा मेसेज या महिन्यात मला चार ग्रुपांवर आला. एका ठिकाणी तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनीच टाकला. मी बरीच वर्षं पोलीस ठाण्यात लेखनिक होतो, आता निवृत्त आहे. म्हणून त्यातला एकेक सल्ला घेतो.

"तक्रारीत 379, 420 ही कलमं स्वतःच टाका, मग पोलिसांना टाळता येत नाही." पहिली गोष्ट, ही चोरी आणि फसवणुकीची जुन्या भारतीय दंड संहितेतली कलमं; 1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागते. तिच्यात चोरी 303 आणि फसवणूक 318. दुसरी, ठाणे अंमलदाराला तुमची कलमं नकोच असतात. "अज्ञात इसमाने माझे अतोनात नुकसान व मानसिक छळ केला असून कठोर कारवाई व्हावी" यातून तो काय लिहून घेणार? त्यापेक्षा हे बघा: "सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास एसटी स्टँडवर बसमध्ये चढताना शर्टाच्या वरच्या खिशातला काळा मोबाइल, किंमत अंदाजे 14,000 रुपये, कोणीतरी काढून घेतला. वळून पाहिले तर निळ्या टोपीतला मुलगा पळत होता." यात गुन्हा दिसतो. किंमत गाळू नका, कारण 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तिचा तपास करू शकत नाहीत. आणि चोरीला गेलेला मोबाइल "हरवला" असं लिहू नका, कोणी सुचवलं तरी. हरवला म्हटलं की हातात पडतो तो गहाळ झाल्याचा दाखला.

"शिक्क्याची पोच मिळाली म्हणजे एफआयआर झाला." या एका वाक्याने सगळ्यात जास्त माणसं फसतात. पोच म्हणजे अर्ज ठाण्याच्या आवक रजिस्टरला लागला, एवढंच. एफआयआरला गुन्हा रजिस्टर नंबर असतो, कलमं असतात, खाली तुमची सही असते आणि प्रत फुकट मिळते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्ये सांगितलं. मात्र तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दिली आहे. "चौकशी चालू आहे" असं ऐकलंत तर परवानगी घेतली का आणि तारीख कोणती, हे विचारा.

"एफआयआरमध्ये सुटलं ते कायमचं गेलं, म्हणून समोरच्या घरातल्या सगळ्यांची नावं घाला." राहिलेलं पुरवणी जबाबात सांगता येतं. पण मुख्य गोष्टच पहिल्या दिवशी नसेल, तर बचावाचा वकील कोर्टात नेमकं तिथे बोट ठेवतो, एवढं खरं. सगळ्या घराला गोवण्याचं म्हणाल, तर आत्या त्या दिवशी गावी होती हे सिद्ध झालं, की खऱ्या आरोपीवरचा आरोपही लटका वाटू लागतो.

"साक्षीदाराने जबाबावर सही करूनच यावं." उलट आहे. फिर्यादीवर तक्रारदाराची आणि पंचनाम्यावर पंचांची सही लागते. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घेऊ नये, असं कायदाच सांगतो. वाचून मात्र घ्या. लेखनिकाच्या भाषेत "सदर इसम" कोण आणि "नमूद ठिकाण" कोणतं, याची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे.

"हद्दीबाहेरची तक्रार घेत नाहीत." घ्यावी लागते, शून्य क्रमांकाने; मग ती ज्याची हद्द त्या ठाण्याकडे पाठवतात.

"एनसी म्हणजे रद्दी." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. अर्धं बरोबर. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस अदखलपात्र गुन्ह्याचा तपास करू शकत नाहीत. पण शेजाऱ्याविरुद्ध एकामागोमाग तीन-चार एनसी झाल्या, की चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, करायला त्याच कामी येतात.

शेवटी, "प्रत माहितीसाठी: मुख्यमंत्री, गृहमंत्री, पंतप्रधान." ठाण्यात घेतलं नाही तर कायद्याचा रस्ता ठरलेला आहे: मजकूर लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, तरी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. मंत्रालयात पाठवलेल्या प्रतींचं काय होतं ते मला माहीत आहे. "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा घेऊन, आयुक्तालय किंवा अधीक्षक कार्यालयामार्गे, त्या महिन्या-दीड महिन्याने माझ्याच टेबलावर यायच्या.